नरकासुराच्या रात्रीचा लाल पेला



आश्विन सरत आला की सिंधुदुर्गातल्या वाड्यांवर दोन गडबडी एकाच वेळी सुरू होतात. मोठी माणसे भातकापणीच्या मागे असतात आणि मुले नरकासुर बांधण्याच्या. बांबूच्या कामट्या, भाताचा पेंढा, जुनी वर्तमानपत्रे आणि रंगवलेला विक्राळ मुखवटा यांतून उभा राहिलेला हा राक्षस नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री मिरवतो आणि पहाटे जाळला जातो. मालवण, वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी या गावांत त्या रात्री फारसे कोणी झोपत नाही. मग अंगणात तुळशीपाशी कारीट फोडायचे, अभ्यंगस्नान करायचे आणि चावदिवसाचे नाना परींचे पोहे खायचे, असा आपला क्रम.

अलीकडे या दिवसांत सुट्टीला आलेली नातवंडे आणखी एक सण सोबत घेऊन येतात, तो म्हणजे ३१ ऑक्टोबरचा हॅलोविन. नाव परके असले तरी कल्पना आपल्याला अनोळखी नाही. आयर्लंड-स्कॉटलंडकडची माणसे पूर्वी त्या रात्री सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. पुढे अमेरिकेत सलगमाची जागा भोपळ्याने घेतली. ख्रिस्ती परंपरेत ही सर्व संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या. त्यानंतर २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणाचा दिवस येतो आणि आपल्याच किनाऱ्यावरील ख्रिस्ती कुटुंबे दफनभूमीत जाऊन आप्तांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. २०२४ साली तर नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले होते. ऋतू पालटताना भीतीचे सोंग आणून तिला हसून निरोप देणे, ही माणसाची जुनीच रीत आहे.

मुलांच्या या मेजवानीत एक पेय हमखास असते. फळांचा रस, त्यावर फसफसणारा सोडा आणि रक्तासारखा किंवा विषासारखा दिसेल असा रंग. मुले त्याला ‘मॉकटेल’ म्हणतात. मद्याचा थेंबही नसलेले हे मिश्रपेय आहे, एवढेच आपण लक्षात ठेवावे. आज या सदरात असा एक पेला आपल्या घरच्या कोकमापासून करू. मात्र पाककृती हे निमित्त आहे. घरातील मधुमेही आजी, हृदयविकाराचे आजोबा आणि नाचणारी नातवंडे यांना एकाच रंगाचा पेला एकाच वेळी हातात कसा देता येईल, हा आजचा खरा प्रश्न आहे.

पाण्याचा पेला आणि एक चूक

हा प्रश्न मला सुचला तो माझ्याच घरात घडलेल्या एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी नरकासुराच्या रात्री आमच्या ओटीवर मुलांनी असाच बेत केला होता. माझी आई त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. मधुमेह जुना, रक्तदाबाची गोळी आणि पायांवरील सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी रोजची. मुलांनी बाजारातले तयार सरबत आणले होते, सर्वांना लाल पेले वाटले आणि मी मोठ्या काळजीने आईच्या हातात साध्या पाण्याचा पेला दिला. तिने तो पाहिला आणि शांतपणे विचारले, “सगळ्यांच्या हातात लाल पेलो, आणि माका पांढरा पाणी? मी काय सुतकात आसंय?”

सगळे हसले, मीही हसलो. रात्री मुले मिरवणुकीला गेल्यावर तिने स्वयंपाकघरात उरलेले सरबत दोन पेले भरून प्यायले. सकाळी रक्तातील साखर तपासली तेव्हा ती नेहमीपेक्षा कितीतरी वर गेलेली होती. त्याहून वाईट म्हणजे लघवीसाठी रात्री चार वेळा उठताना ओल्या पडवीत तिचा पाय सरकला. खांब हाताशी होता म्हणून ती वाचली.

दोष तिचा नव्हता. मी तिच्या आजाराचा विचार केला होता. तिचा विचार केला नव्हता. पथ्य म्हणजे केवळ काढून घेणे अशी आपली समजूत असते. काढून घेतल्याच्या जागी काहीच ठेवले नाही, तर माणूस ते चोरून मिळवतो, आणि चोरून घेतलेल्या घासाला मोजमाप नसते.

वृद्धांना पेयाची गरज अधिक

वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाणी हवे असते, पण घसा ते सांगत नाही. त्यात काही जण रात्री उठावे लागू नये म्हणून मुद्दामच कमी पितात. पावसाळा संपल्यावर आपल्या किनाऱ्यावर जो दमट उकाडा होतो, त्यात घाम भरपूर जातो. परिणामी चक्कर, बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि कधी कधी अचानक आलेला गोंधळलेपणा अशी दुखणी उभी राहतात. ‘पाणी प्या’ असे दहा वेळा सांगून जे होत नाही, ते आंबटसर, थंड, फसफसता पेला समोर ठेवला की होते. म्हणून असे पेय ही वृद्धांच्या बाबतीत चैन समजू नये. योग्य रीतीने केले तर ते दिवसभराच्या पाण्याचाच एक भाग आहे.

अडचण असते ती त्यात मिसळलेल्या गोष्टींची. बाजारातील गोड शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरमध्ये साधारण ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरातील वरची साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास ठेवावी असे सुचवते. म्हणजे एका पेल्यातच दिवसाचा वाटा संपून वर ऋण होते.

कोकमच का

रातांबे पिकतात चैत्र-वैशाखात, आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी कोकणी गृहिणी त्यांची बेगमी करून ठेवते. या एकाच फळाची तीन रूपे आपल्या फडताळात असतात आणि आजच्या कामासाठी त्यांतील भेद नीट ओळखला पाहिजे.

पहिले आगळ. हा फळाचा मीठ घालून टिकवलेला रस. सोलकढीला उत्तम, परंतु मीठ हेच त्याच्या टिकण्याचे साधन असल्यामुळे रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाच्या रुग्णाला पेलाभर सरबतासाठी ते योग्य नाही.

दुसरे अमृत कोकम. हा साखरेचा पाक. फळांच्या साली साखरेत मुरवून केलेला असल्याने त्यात साखर वेगळी काढता येत नाही.

तिसरे आमसूल, म्हणजे वाळवलेली साल. आपल्याला हवे आहे ते हेच. मात्र पुष्कळ घरी साली मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवतात. म्हणून विकत घेताना बिनमिठाचे आमसूल मागावे आणि एक तुकडा जिभेवर ठेवून खात्री करून घ्यावी.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. पण अभिमानापोटी त्याच्यावर नसते गुण लादू नयेत. कोकमातील आम्लामुळे वजन उतरते अशी जाहिरात करून गोळ्या विकल्या जातात. त्या दाव्याला भक्कम आधार नाही, आणि अशा प्रकारच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. कोकमाचा पेला औषध म्हणून घेऊ नये. तो आंबट, रंगीत आणि आपला आहे, एवढे पुरे.

साहित्य, आठ पेल्यांसाठी

- बिनमिठाची आमसुले: २५ ते ३०
- कोमट पाणी: ६०० मिलिलिटर, म्हणजे तीन मोठे पेले
- पिकलेल्या अननसाचा गाळलेला रस: २०० मिलिलिटर
- आल्याचा रस: दोन चहाचे चमचे
- भाजलेल्या जिऱ्याची पूड: एक चहाचा चमचा
- पुदिन्याची पाने: मूठभर
- थंड केलेला साधा सोडा: ८०० मिलिलिटर
- वेगळा ठेवण्यासाठी साखरेचा पाक: १०० ग्रॅम साखर १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून
- वेगळे ठेवण्यासाठी मीठ: चिमूटभर

कृती

आमसुले दोनदा धुऊन घ्यावीत. धुळीबरोबर वर राहिलेले मीठही त्याने काही प्रमाणात जाते. कोमट पाण्यात ती दोन तास भिजवावीत, हाताने चांगली कुस्करावीत आणि पाणी बारीक गाळणीने गाळून घ्यावे. साधारण ५०० मिलिलिटर गर्द लाल अर्क मिळतो. त्यात आल्याचा रस व जिरेपूड घालून पुन्हा एकदा गाळावे, म्हणजे घशात अडकणारा कण राहत नाही. हा अर्क आणि अननसाचा रस वेगवेगळ्या बाटल्यांत शीतकपाटात ठेवावा.

भांडे काचेचे किंवा स्टीलचे घ्यावे. आजोबांना तांब्याच्या पेल्यातून पिण्याची सवय असली तरी आंबट पेय कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत ठेवू नये. आम्लामुळे धातू पेयात उतरतो.

पेला भरताना प्रथम तळाशी पुदिन्याची दोन पाने चुरडावीत. त्यावर ६० मिलिलिटर कोकमाचा अर्क आणि २५ मिलिलिटर अननसाचा रस घालावा. शेवटी पेला किंचित तिरपा धरून त्याच्या कडेने १०० मिलिलिटर सोडा सावकाश ओतावा. चमच्याने ढवळू नये. सोडा स्वतःच वर चढताना सारे एकत्र करतो. अर्क, रस व सोडा तिन्ही थंड हवेत, कारण थंड पाण्यात वायू अधिक विरघळून राहतो. कोमट अर्कावर सोडा ओतला तर फेस एकदम उसळतो आणि पेला लगेच निपचित होतो.

हा वायू म्हणजे कार्बन डायॉक्साइड. १७६७ साली जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने लीड्स येथील एका मद्यनिर्मितीशाळेत आंबवणीच्या पिंपावर पाण्याचे भांडे धरून पाणी या वायूने भारले. आपल्या पिढीला आठवणारी गोटी सोड्याची बाटली ही त्याचीच पुढची कहाणी; ती हिराम कॉड याने १८७० च्या दशकात काढली. आतल्या वायूचाच दाब गोटीला बाटलीच्या तोंडाशी घट्ट धरून ठेवतो. नातवंडांना हे सांगावे. राक्षसाच्या गोष्टीइतकेच ते त्यांना आवडते.

अर्क एक, पेले अनेक

आता मुख्य मुद्दा. वरील पेल्यात साखर नाही आणि मीठही नाही. ही दोन्ही आपण जाणूनबुजून वेगळी ठेवली आहेत. सर्वांचा अर्क एकच. भर मात्र ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे. बाहेरून पाहणाऱ्याला आठही पेले सारखेच लाल दिसतात.

*मुलांचा व निरोगी माणसांचा पेला.* साखरेच्या पाकाचा एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर, घालावा. त्यात साधारण ९ ग्रॅम साखर येते. बाजारच्या पेयाच्या तुलनेत ही मात्रा पुष्कळच कमी आहे.

*मधुमेहाच्या रुग्णाचा पेला.* पाक घालू नये. अननसाच्या २५ मिलिलिटर रसातून जाणारी साखर तीन ग्रॅमच्या आसपास असते. एवढ्याने आंबटपणा सौम्य होतो. साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला म्हणजे चालते, हा गैरसमज अजून घरोघरी आहे. रक्तातील साखर या तिन्हींनी वाढते.

*रक्तदाब व हृदयविकाराच्या रुग्णाचा पेला.* मीठ, काळे मीठ, चाट मसाला यांपैकी काही घालू नये. दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत असावे, म्हणजे चहाचा एक चमचाही नव्हे. सोड्याच्या बाटलीवरील लेबल चष्मा लावून वाचावे. काही सोड्यांत सोडियमचे क्षार असतात, काहींत नुसता वायू. फेस हवा म्हणून खाण्याचा सोडा किंवा पित्तावरची फसफसणारी पूड पेल्यात टाकण्याची क्लृप्ती मुळीच करू नये. खाण्याच्या सोड्याच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे १,२०० मिलिग्रॅम सोडियम असते; दिवसाच्या मर्यादेचा निम्म्याहून अधिक भाग त्यातच संपतो.

*ज्यांना पाणी मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांचा पेला.* हृदय किंवा मूत्रपिंड दुर्बल असलेल्यांना डॉक्टरांनी दिवसाचे पाणी ठरवून दिलेले असते. त्यांचा पेला लहान घ्यावा. ३० मिलिलिटर अर्क, थोडा रस आणि ५० मिलिलिटर सोडा. हा पेला दिवसाच्या हिशेबात धरावा आणि जेवणाबरोबरचे तेवढे पाणी कमी करावे. लहान पेला काठोकाठ भरलेला असला की मनाला उणेपणा जाणवत नाही.

*मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी एक सूचना.* ‘सोड्याऐवजी शहाळ्याचे पाणी घाला, ते नैसर्गिक’ असे कोणीतरी म्हणतेच. किनाऱ्यावर शहाळे हाताशी असते, मोहही होतो. परंतु त्यात पोटॅशियम भरपूर असते. एका पेल्यात चारशे ते पाचशे मिलिग्रॅम. मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा पोटॅशियम अंगात धरून ठेवणारी रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर त्याने हृदयाची लय बिघडू शकते. अशा घरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय शहाळे देऊ नये.

*गिळण्याचा त्रास असलेल्यांचा पेला.* पक्षाघात, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला पातळ पेय श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. पिताना ठसका लागणे, पिऊन झाल्यावर आवाज ओलसर वा घोगरा होणे, ही खूण आहे. अशा व्यक्तीला कोणत्या घट्टपणाचे पेय द्यावे हे उपचारतज्ज्ञांनी सांगितलेले असेल, तर सणाच्या दिवशीही तेच पाळावे. अर्क त्याच घट्टपणाचा करून वाटीत, चमच्याने, ताठ बसवून द्यावा. लाल रंग वाटीतही तसाच दिसतो. सब्जा अशांच्या वाटीत घालू नये.

ज्यांना आंबटाने छातीत जळजळते किंवा वायूने पोट फुगते, त्यांनी सोड्याच्या जागी साधे थंड पाणी घ्यावे. त्यांच्या पेल्यावर फेस राहणार नाही, एवढेच.

औषध आणि पपनस

गणपतीच्या माटवीला टांगलेले तोरंजन, म्हणजे पपनस, दिवाळीपर्यंत बाजारात असते. त्याचा रस या पेयात घालण्याचा विचार सहज मनात येतो आणि चवीला तो छानही लागतो. पण ग्रेपफ्रूट हे पपनसाचेच संकरित अपत्य आहे, आणि या फळांतील काही द्रव्ये आतड्यातील औषधांचे विघटन करणाऱ्या एका विकराला अडवतात. परिणामी नेहमीची गोळी नेहमीच्याच मात्रेत घेऊनही रक्तात ती जास्त साचते. कोलेस्टेरॉलची काही औषधे, रक्तदाबाची काही औषधे आणि अवयवरोपणानंतर घ्यावयाची औषधे यांच्या बाबतीत ही गोष्ट गंभीर ठरते. हा परिणाम एक-दोन दिवसही टिकू शकतो. म्हणून गोळी सकाळी आणि फळ संध्याकाळी घेतल्याने सुटका होत नाही. आठही पेल्यांसाठी एकच रस वापरायचा असल्यामुळे आपण अननस निवडला, तो याच कारणाने.

भूतखेळ, पण जपून

मुलांना चमत्कार हवा असतो; तो कोकमातच आहे. एका वेगळ्या काचेच्या पेल्यात थोडा अर्क घेऊन त्यात खाण्याचा सोडा चिमटीचिमटीने टाकावा. आम्ल आणि सोडा भेटताच पेला फसफसून उठतो आणि आम्ल संपत जाते तसा लाल रंग जांभळट, पुढे निळसर होत जातो. कोकमातील रंगद्रव्य आम्लात लाल आणि आम्ल सरले की निळ्याकडे झुकणारे आहे. हा खेळ आजोबांनी करून दाखवावा; मुले त्यांच्याभोवती गोळा होतील. तो पेला मात्र नंतर ओतून टाकावा, कोणी पिऊ नये.

पेयातून धूर निघावा म्हणून काही ठिकाणी ‘ड्राय आइस’ वापरतात. हा गोठवलेला कार्बन डायॉक्साइड असून त्याचे तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मार्च २०२४ मध्ये गुरुग्राम येथील एका उपाहारगृहात मुखशुद्धी म्हणून तो चुकीने दिला गेला आणि पाच जणांच्या तोंडातून रक्त आले, त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. शिवाय बंद खोलीत त्याचा वायू साचून श्वास गुदमरतो. दमेकरी वृद्धांना तर तो विशेष घातक. घरात तो आणूच नये.

साध्या बर्फाबाबतही आपल्या किनाऱ्यावर सावध राहावे लागते. बंदरावर मासळीसाठी येणारी बर्फाची लादी खाण्यासाठी बनवलेली नसते. तिचे पाणी पिण्यायोग्य असेलच असे नाही. असा अखाद्य बर्फ ओळखू यावा म्हणून त्याला निळा रंग देण्याचा नियम २०१८ मध्ये करण्यात आला आहे. पाहुणे वाढले, बर्फ कमी पडला, म्हणून ओळखीच्या होडीवरून लादी आणू नये. त्याऐवजी उकळून गार केलेल्या पाण्यात थोडा अर्क मिसळून आदल्या दिवशीच लाल खडे जमवून ठेवावेत.

सजावटीत लिचीचे ‘डोळे’ आणि अखंड द्राक्षे घालण्याची टूम आहे. कवळी लावणाऱ्या वृद्धाच्या आणि पाच वर्षांच्या आतील मुलाच्या घशात असे गुळगुळीत गोळे अडकतात. त्यापेक्षा पेल्याला बाहेरून कागदाचा नरकासुर चिकटवावा. तो कापण्याचे काम आजीला द्यावे. आणि कारीट पेयात कुस्करू नये. ते पायाने फोडून त्याचा कडूपणा जिभेला लावण्यापुरताच आहे. त्याच कुळातील कडू निघालेल्या दुधीभोपळ्याचा रस पिऊन भारतात माणसे दगावलेली आहेत.

साखरेची बाटली टेबलावरच ठेवा

इतके सांगून झाल्यावर एक उलटी गोष्ट सांगतो. साखरेच्या पाकाची बाटली झाकून दूर ठेवू नका. नाव लिहून हाताशी ठेवा. सणाच्या धांदलीत जेवणाची वेळ टळते, इन्सुलिन किंवा गोळी मात्र घेतलेली असते. अशा वेळी आजीला एकदम घाम फुटला, हात थरथरू लागले, ती असंबद्ध बोलू लागली, तर साखर उतरली असल्याची शंका घ्यावी. मापनयंत्रात आकडा ७० च्या खाली असेल, किंवा यंत्र नसेल, तर शुद्धीवर असलेल्या व्यक्तीला तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून किंवा पाकाचे दोन मोठे चमचे लगेच द्यावेत. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, सुधारणा नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे आणि नंतर काही खायला द्यावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही ओतू नये; तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तिच्या लाल पेल्यात साखर नाही हे घरातील सर्वांना ठाऊक असले पाहिजे. ‘सरबत प्यायलीय, बरे वाटेल’ या भरवशावर बसणे धोक्याचे ठरते.

वेळ आणि जागा

वृद्धांचा पेला संध्याकाळी सातच्या आत व्हावा, म्हणजे झोपेपूर्वी लघवी होऊन जाते. मुलांना हा कार्यक्रम दिवेलागणीला ठेवायला सांगावे. नरकासुर काही त्याआधी निघत नाही. रात्री पडवीत आणि न्हाणीघरापर्यंत दिवा चालू ठेवावा, वाटेतील रांगोळी, पणत्या आणि ओले पाय पुसायची फडकी बाजूला करावीत. पहाटेच्या अभ्यंगाच्या तेलाने फरशी निसरडी होते, तीही लगेच पुसावी.

वाचकहो, आईच्या त्या प्रश्नाला पुढल्या वर्षी आम्ही उत्तर दिले. अर्क तिनेच गाळला, आमसुलातले मीठ तिनेच जिभेवर पारखले आणि तिचा पेला सर्वांच्या पेल्यांच्या रांगेत राहिला. तो किंचित आखूड होता आणि त्यात पाक नव्हता. हे तिला ठाऊक होते, मला ठाऊक होते. तिने घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि म्हणाली, “आंबट आसा. पण लाल आसा.” त्या रात्री उरलेले सरबत सकाळपर्यंत जसेच्या तसे राहिले.

या दिवाळीत आपल्याही घरी असा बेत झाला, तर पेले भरण्यापूर्वी एकदा मोजून पाहावे. घरात माणसे जितकी, तितकेच लाल पेले ओळीत आहेत ना?